युद्ध पटावर मांडले, तर इतिहास कळतो का?

सोळाव्या शतकातील युरोपचे धर्मसंघर्ष आज टेबलावर पट मांडून खेळले जातात. २००६ मध्ये आलेला ‘हिअर आय स्टँड’ हा त्यातला गाजलेला खेळ. काळ १५१७ ते १५५५, खेळाडू सहा सत्तांचे.

वेगळेपण काय?
यात फक्त सैन्य सरकत नाही. प्रोटेस्टंट बाजू बायबलचे भाषांतर करते, पोपची बाजू वादसभा भरवते, राजे तह करतात आणि मोडतात. पोपच्या जागी बसलेल्यालाही त्याच्या अडचणी सोसाव्या लागतात. ‘आपले’ आणि ‘परके’ हा हिशेब तिथेच ढिला पडतो.

यवतमाळशी संबंध काय?
१७ एप्रिल १८१८ रोजी पांढरकवड्याजवळ शिवणी येथे कर्नल ॲडम्सच्या फौजेने दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचा पराभव केला. पेशवे चांद्याकडे निघाले होते. पण ज्यांच्या साथीची आशा होती, ते नागपूरचे आप्पासाहेब भोसले मार्चमध्येच इंग्रजांच्या कैदेत गेले होते. ३ जूनला पेशवे शरण आले.

ही लढाई पटावर मांडली, तर विद्यार्थ्याला विचार करावा लागेल: वर्धा नदी गाठायची की मागे वळायचे? थकलेल्या घोड्यांना चारा कुठून?

धोका कोणता?
पटावर माणसे सोंगट्या होतात. उजाड गावांचे गुण कोणी मोजत नाही. म्हणून डावानंतर चर्चा हवीच. नकाशा, पुठ्ठा, फासे आणि जाणता शिक्षक एवढ्यावर जिल्ह्यातील कोणत्याही शाळेला हे जमेल. सनावळी पाठ करण्यापेक्षा हा धडा जास्त टिकेल.