शेख महंमदांचा कप्पा कोणता?

गुणपत्रिकेवर ‘मोहम्मद’, आधार कार्डावर ‘महंमद’ आणि बँकेच्या पासबुकात नुसतंच ‘मो.’ ही कसरत आपल्यापैकी अनेकांनी केली आहे. माणूस एकच, पण संगणकाच्या लेखी तिघे. मग प्रतिज्ञापत्र करा, राजपत्रात नाव छापून आणा. वेगवेगळ्या ठिकाणच्या नोंदी एकमेकींशी जुळवणं हे सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणून माझं रोजचं काम आहे. स्पेलिंगचा घोळ निस्तरता येतो, अर्थाचा घोळ जास्त त्रास देतो, हे मी त्यातूनच शिकलो.

श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचं उदाहरण घ्या. सूफी परंपरेतले आणि वारकऱ्यांनीही आपले मानलेले हे संतकवी. ‘योगसंग्राम’ हा त्यांचा मराठी ग्रंथ. ग्रंथालयात तो कुठे ठेवायचा? १८७६ साली अमेरिकेत सुरू झालेल्या ड्युई दशांश वर्गीकरणात आज इस्लामला २९७, हिंदू धर्माला २९४.५ आणि मराठी साहित्याला ८९१.४६ हे क्रमांक आहेत. त्यातही धर्मविषयक आकड्यांपैकी २२० ते २८९ हा सगळा पट्टा ख्रिस्ती धर्माचा. बाकी जगातल्या धर्मांनी २९० ते २९९मध्ये दाटीवाटीने बसायचं. कपाटात पुस्तक एकाच जागी राहतं, म्हणून कुणाला तरी निवड करावी लागते. हिंदू धर्माखाली ठेवलं तर त्यांचं मुसलमान असणं दिसेनासं होतं. इस्लामखाली ठेवलं तर पंढरीशी असलेलं नातं.

संगणकात ही सक्ती नाही. कोणती गोष्ट कोणत्या प्रकारची आहे आणि तिचं कुणाशी काय नातं आहे, हे यंत्राला समजेल असं मांडणाऱ्या नकाशाला ‘ऑन्टॉलॉजी’ म्हणतात. त्यात शेख महंमद एकाच वेळी सूफी, संत आणि मराठी कवी असू शकतात. अडचण येते ती एका संस्थेचा नकाशा दुसरीच्या नकाशाशी जोडताना. त्यासाठी सामायिक मानक लागतं.

वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने २००९ साली ‘स्कॉस’ नावाचं असंच एक मानक मंजूर केलं. त्यात प्रत्येक संकल्पनेला एक कायमची ओळख असते आणि तिला हव्या तितक्या भाषांत, हवी तितकी पर्यायी नावं देता येतात. दोन याद्या जोडताना ‘तंतोतंत तीच’ की ‘जवळची’, हेही सांगता येतं. हा फरक वरवरचा नाही. ‘तंतोतंत तीच’ हे नातं साखळीसारखं पुढे सरकतं. कुणी ‘पीर’ म्हणजे ‘संत’ असं नोंदवलं, दुसऱ्याने ‘संत’ म्हणजे चर्चने घोषित केलेला ‘सेंट’ असं नोंदवलं, की पीरसुद्धा चर्चने घोषित केलेला ठरतो! ‘जवळची’ हे नातं मात्र मुद्दाम असं पुढे नेलेलं नाही.

मानक म्हटलं की सगळ्यांना एका साच्यात कोंबणार, अशी शंका येते. ती रास्त आहे. पण मानक नसेल तर ज्याची यादी सर्वांत मोठी, त्याचेच शब्द चालतात. चांगलं मानक शब्द लादत नाही. दोन याद्या कशा जोडायच्या, एवढंच ठरवतं.

हे काम आपलंही आहे. शोधयंत्रं आणि आता एआय अशाच नोंदींचा आधार घेतात. तिथे जे नाही, ते पुढच्या पिढीला सहज सापडणार नाही. २०१२ साली सुरू झालेल्या विकिडेटावर कुणीही भर घालू शकतो. आपल्या तालुक्यातला एक शायर, एक दर्गा किंवा एक कारागीर बिरादरी निवडा. मराठी आणि उर्दू नावं लिहा, जुन्या पुस्तकाचा आधार द्या, घरातल्या मोठ्यांना विचारा. ‘जवळचं’ असेल तिथे ‘तेच’ लिहू नका. जे माझ्यासारखे या क्षेत्रात आहेत, त्यांनी एक पाऊल पुढे टाकावं: डब्ल्यूथ्रीसीच्या कम्युनिटी ग्रुपमध्ये सामील व्हायला फी लागत नाही.

आपल्याला कोणत्या कप्प्यात टाकलं, याची तक्रार आपण नेहमी करतो. ती करत राहूच. पण कप्पे ठरतात त्या बैठकीत आता आपणही बसायला हवं.