आतड्याचे दुखणे आणि न दिसणारी अडचण

सकाळी साडेआठला कोथरूडच्या वनाज स्थानकातून मेट्रोत बसणाऱ्या गर्दीत एखादी पंचविशीची तरुणी अशी असू शकते, की जिच्या डोक्यात शहराचा वेगळाच नकाशा असतो. आयडियल कॉलनीला उतरावे लागले तर शौचालय किती दूर, नळ स्टॉपला कोणते हॉटेल उघडे असेल, तिथला माणूस आत सोडेल का, हा हिशेब ती घरातून निघतानाच करते. तिने सकाळपासून काही खाल्लेले नसते. पिशवीत डब्याबरोबर कपड्यांचा एक जादा जोड असतो. दिसायला ती धट्टीकट्टी आहे, त्यामुळे तिला कोणी बसायला जागा देत नाही आणि तीही मागत नाही.

तिला असलेल्या आजाराचे इंग्रजी लघुनाव आयबीडी, म्हणजे आतड्याचा दीर्घकालीन दाह. त्याचे मुख्य प्रकार दोन. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते आणि जखमा होतात. क्रोन्स आजार तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो आणि आतड्याच्या भिंतीत खोलवर जातो. शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच आतड्यावर उलटते, असे त्याचे ढोबळ स्वरूप. तो संसर्गजन्य नाही, ‘बाहेरचे खाल्ल्याने’ झालेला नाही आणि ‘टेन्शन घेतल्यामुळे’ही नाही. बहुतेकांना तो ऐन शिक्षणाच्या किंवा नोकरीच्या वयात गाठतो. तो फक्त पाश्चात्त्यांचा आजार असल्याची समजूतही जुनी झाली. पंजाबात झालेल्या आणि २००३मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दर लाख लोकांमागे सुमारे ४४ जणांना अल्सरेटिव्ह कोलायटिस आढळला होता.

आपल्याकडे हा आजार ओळखला जाईपर्यंत बराच काळ जातो. शौचावाटे रक्त पडले की मूळव्याध समजून मलम लावले जाते. क्रोन्सची लक्षणे आतड्याच्या क्षयासारखी असतात, त्यामुळे काही रुग्णांना आधी कित्येक महिने क्षयाची औषधे घ्यावी लागतात. क्षय आजही सर्रास आढळणाऱ्या देशात हा संभ्रम खरोखर अवघड आहे. त्यासाठी डॉक्टरांना सरसकट दोष देता येणार नाही. पण त्या महिन्यांत परीक्षा बुडतात, रजा संपतात.

या आजारात माणूस अडतो तो तीन गोष्टींमुळे. पहिली म्हणजे घाई. निरोगी मलाशय पिशवीसारखे ताणले जाते आणि मल काही काळ धरून ठेवते. दाह झालेले मलाशय ताणले जात नाही, त्यामुळे संवेदना झाल्यापासून रुग्णाच्या हाती मोजकी मिनिटे असतात. ‘थोडे थांब’ हे त्याला सांगून उपयोग नसतो, कारण थांबण्याची सोयच शरीरात उरलेली नसते. दुसरी गोष्ट थकवा. रक्तस्राव होऊन हिमोग्लोबिन उतरते, रात्री तीन-चारदा उठावे लागल्याने झोप मोडते आणि दाह स्वतःच अंगातली ताकद शोषून घेतो. तिसरी गोष्ट आतड्याबाहेरची. काहींचे सांधे धरतात, काहींचे डोळे लाल होऊन दुखतात.

त्यात आजाराची चाल सरळ नाही. काही महिने तो शांत असतो, मग एकाएकी उसळतो. परवा नात्यातल्या लग्नात पंगतीला बसलेला मुलगा आज ऑफिसला जाऊ शकत नाही, हे घरच्यांनाही पटत नाही, मग वरिष्ठांना कसे पटावे? शौचाविषयी चारचौघांत बोलायचे नाही हा आपला संस्कार. त्यामुळे रुग्ण ‘पोट बिघडलेय’ एवढेच सांगतो आणि वर्षातून दहा वेळा पोट बिघडणारा माणूस कामचुकार ठरतो.

याला अपंगत्व म्हणायचे का? कायद्याचे उत्तर दुहेरी आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६मधली व्याख्या उदार आहे. दीर्घकालीन शारीरिक वा मानसिक कमतरता आणि भोवतालचे अडथळे यांमुळे ज्याला इतरांच्या बरोबरीने समाजात वावरता येत नाही, तो दिव्यांग. वनाजहून निघालेली ती तरुणी, निदान आजार उसळलेल्या काळात, या व्याख्येत बसते. पण प्रमाणपत्र आणि आरक्षण परिशिष्टातल्या यादीनुसार मिळते. १९९५च्या कायद्यात सात प्रकार होते, नव्या कायद्यात ते २१ झाले. हिमोफिलिया, थॅलेसिमिया, सिकलसेल, पार्किन्सन्स हे आजार त्यात आले; आतड्याचा दाह मात्र नाही.

यादीत नाव आल्याने सगळे सुटेल, असेही नाही. प्रमुख सवलतींसाठी किमान ४० टक्के अपंगत्व लागते आणि टक्के मोजण्याची आपली पद्धत न बदलणाऱ्या अपंगत्वाला सोयीची आहे. गुडघा किती वाकतो, हे मोजता येते. आज वीस वेळा शौचाला जाणारा आणि तीन महिन्यांनी ठणठणीत दिसणारा माणूस किती टक्के? तपासणीच्या दिवशी तो बरा असेल तर शून्य? अशा आजाराचे मोजमाप एका दिवसावर नव्हे, वर्षभरातल्या वाईट दिवसांवर व्हायला हवे. गैरफायद्याची भीती दाखवली जाईल. पण कोलोनोस्कोपी, बायोप्सी, शस्त्रक्रियेच्या नोंदी असे भक्कम कागद या रुग्णांकडे असतात. प्रत्येकाला प्रमाणपत्र हवे, असा हा आग्रह नाही. औषधांनी ज्यांचा आजार आटोक्यात आहे, त्यांना त्याची गरजच नाही. मात्र ज्यांचे मोठे आतडे काढून पोटावर पिशवी लावावी लागली किंवा ज्यांचा आजार कोणत्याच औषधाला जुमानत नाही, त्यांना या व्यवस्थेत जागा असली पाहिजे. यादीत भर घालण्याचा अधिकार केंद्र सरकारला त्याच परिशिष्टाने दिला आहे. राज्याचे दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यातच आहे. हा विषय तिथून पुढे जायला हरकत नसावी.

कायदा बदलेपर्यंत हातावर हात धरून बसण्याचे कारण नाही. या रुग्णाची निम्मी अडचण आतड्यात असते आणि निम्मी रस्त्यावर. कोथरूड डेपोपासून डेक्कनपर्यंत दुकाने, बँका, क्लास, दवाखाने दाटीने आहेत. जवळपास प्रत्येकात कर्मचाऱ्यांसाठी स्वच्छतागृह असते आणि बाहेरच्यासाठी त्याचे दार बंद असते. अमेरिकेत इलिनॉय राज्याने २००५मध्ये यावर कायदा केला. क्रोन्स असलेल्या अ‍ॅली नावाच्या शाळकरी मुलीला एका दुकानाने स्वच्छतागृह वापरू दिले नव्हते, त्यातून तो आला. असा आजार असलेल्या ग्राहकाला कर्मचाऱ्यांचे स्वच्छतागृह वापरू द्यावे, असे तो सांगतो. पुणेही अशा कल्पनांना परके नाही. जुन्या बसगाड्यांची महिलांसाठी ‘ती’ स्वच्छतागृहे करण्याचा प्रयोग २०१६पासून याच शहरात झाला. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी मराठीत दोन ओळींचे कार्ड द्यावे आणि व्यापारी संघटनांनी ते मानावे, यासाठी कोणत्याही अधिसूचनेची वाट पाहावी लागत नाही.

कामाच्या ठिकाणीही फार काही लागत नाही: शौचालयाजवळची जागा, आजार उसळल्यावर घरून काम, सलाइनमधून औषध घेण्याच्या दिवशी रजा. महाविद्यालयांनी परीक्षेत मध्येच बाहेर जाण्याची मुभा आणि तेवढा वेळ वाढवून द्यावा. जपानचे पंतप्रधान शिंझो आबे यांना किशोरवयापासून अल्सरेटिव्ह कोलायटिस होता. २००७मध्ये प्रकृती ढासळून त्यांनी पद सोडले. पुढे नव्या औषधाने आजार आटोक्यात आला, २०१२मध्ये ते परतले आणि त्या देशाचे सर्वाधिक काळ पंतप्रधान राहिलेले नेते ठरले. २०२०मध्ये आजार पुन्हा उसळला आणि त्यांनी पद सोडण्याचा निर्णय जाहीर केला. उपचाराने किती साधते आणि उपचारानंतरही काय उरते, हे दोन्ही त्या एका कारकिर्दीत दिसते.

म्हणूनच बरे वाटू लागताच गोळ्या बंद करणे ही या आजारातली सर्वांत महागडी चूक ठरते. अंगदुखीसाठी दुकानातून आणलेली आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारखी औषधे काहींचा आजार उसळवतात. स्टेरॉइड थोड्या काळासाठी उपयोगी; ती स्वतःच्या मनाने चालू ठेवणे किंवा एकदम थांबवणे धोक्याचे. काही आठवडे शौचावाटे रक्त पडत असेल, वजन घटत असेल किंवा शौचासाठी रात्री झोपेतून उठावे लागत असेल, तर मूळव्याध गृहीत न धरता तपासणी करून घ्यावी. हा आजार समूळ बरा करणारे कोणतेही पथ्य किंवा चूर्ण अद्याप नाही. तसा दावा करणाऱ्यापासून दूर राहावे.

आणि कर्वे रस्त्यावरच्या एखाद्या दुकानात धडधाकट दिसणारा माणूस कावराबावरा होऊन स्वच्छतागृह विचारू लागला, तर आधी किल्ली द्यावी. कारण नंतर विचारता येते. न विचारले तरी चालते.