पिशवी तरंगते, जाळे बुडते

पावसाळा ओसरला की किनाऱ्यावरील प्लास्टिक वेचण्याच्या मोहिमा निघतात. विद्यार्थी राबतात, पुढारी छायाचित्रापुरते वाकतात, गोण्या भरतात. या उत्साहाला आमचा विरोध नाही. परंतु किनाऱ्यावर जे सापडते त्याहून जे सापडत नाही ते अधिक घातक आहे, आणि याचे कारण रसायनशास्त्राच्या प्राथमिक पाठातच आहे.

प्लास्टिक हा एक पदार्थ नव्हे, ते एक कुळ आहे. हजारो लहान रेणू कड्यांसारखे जोडले जाऊन लांबच लांब महारेणू बनतो, असे जर्मन रसायनज्ञ हेरमान श्टाउडिंगर यांनी १९२० मध्ये मांडले, तेव्हा थोरथोर पंडितांनी ते धुडकावून लावले; नोबेल पारितोषिक मिळायला १९५३ साल उजाडले. कापूस आणि रेशीम हेही महारेणूच होत. भेद आहे तो कड्यांचा आणि त्या जोडणाऱ्या बंधांचा. पॉलिथिनची साखळी निव्वळ कार्बन व हायड्रोजनची, पाण्याहून हलकी. म्हणून पिशवी तरंगत किनाऱ्याला लागते. वॉलेस कॅरोथर्स यांनी १९३५ मध्ये अमेरिकेत घडवलेल्या नायलॉनची गोष्ट निराळी. त्याच्या कड्या ज्या अमाइड बंधाने जोडलेल्या असतात, तोच बंध रेशमातही असतो. मात्र रेशीम आणि सूत कुजविणारी विकरे सृष्टीतील जंतूंपाशी आहेत. नायलॉनपुढे ती जवळजवळ निष्प्रभ ठरतात. शिवाय नायलॉनची घनता १.१४, समुद्राच्या पाण्याची सुमारे १.०३. नायलॉनचे हरवलेले जाळे बुडते, आणि वेचणाऱ्याच्या गोणीत ते कधी येत नाही.

मासा कल्ल्यांत अडकावा म्हणून पाण्यात भिंतीसारखे सोडलेले जाळे एकदा सुटले, की धन्यावाचून मासेमारी करीत राहते. त्यात मासे मरतात, खेकडे गुरफटतात. मोरजी, आगोंद, गालजीबागच्या वाळूत अंडी घालण्यास येणाऱ्या कासवांनाही ते सोडीत नाही.

यात खारव्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याची आमची इच्छा नाही. सुती जाळे सालींच्या काढ्यात बुडवावे, वाळवावे, पुन्हा पुन्हा सांधावे लागे. इतकी निगा राखूनही ते कुजे. नायलॉन हलका, चिवट, न कुजणारा. ज्या गुणासाठी त्याने तो पत्करला, तोच गुण समुद्रतळाशी दोष ठरतो. हा रसायनाचा स्वभाव आहे, आणि स्वभाव जाणूनच धोरण आखावयास हवे.

१ जुलै २०२२ पासून केंद्र सरकारने एकदाच वापरून फेकण्याच्या काही प्लास्टिक वस्तूंवर बंदी घातली. पेये ओढण्याच्या नळ्या, ताटल्या, सजावटीचे थर्माकोल त्या यादीत आले. ते योग्यच झाले; आमच्या माटोळीला थर्माकोलची गरज कधीच नव्हती. वेष्टनाच्या प्लास्टिकची जबाबदारी उत्पादकावर टाकण्यात आली. जाळी मात्र या साऱ्यातून सुटली.

वास्तविक जाळ्यांच्या बाबतीत रसायनशास्त्र अनुकूल आहे. जाळ्यांसाठी सर्रास वापरला जाणारा ‘नायलॉन ६’ कॅप्रोलॅक्टम या एकाच रेणूपासून बनतो आणि उष्णतेच्या प्रक्रियेने पुन्हा त्याच रेणूत परतविता येतो. त्यातून नवा धागा निघतो. पॉलिथिनच्या बाबतीत ही सोय इतकी सुलभ नाही. परदेशांत हा व्यवसाय चालतो. अडचण आहे ती मीठ, शिसे, दोर वेगळे करून माल गोळा करण्याची, म्हणजे प्रयोगशाळेची नव्हे, व्यवस्थेची. रापणकारांच्या लढ्यानंतर १९८० मध्ये ज्या सरकारला मासेमारी नियमनाचा कायदा करता आला, त्याला जाळ्यांचा हिशेब ठेवणे अवघड नसावे.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या धक्क्याला असतात, जाळी सांधली जातात, निकामी झालेली कोपऱ्यात पडतात. त्या दोन महिन्यांत मालीम, कुटबण व खारीवाडा येथे सरकारने वजनकाटा बसवावा, जुन्या जाळ्याला किलोमागे दर द्यावा आणि त्याचा खर्च खारव्याकडून नव्हे, जाळी बनविणाऱ्या कारखानदारांकडून वसूल करावा.