एकच नाटक, दोन निवाडे

गेल्या पर्युषणात एका भगिनीने बसविलेल्या नाटुकल्याला एकाच सायंकाळी ‘धर्मप्रभावना’ आणि ‘धर्माची थट्टा’ असे दोन्ही अभिप्राय मिळाले. तेव्हापासून तिची लेखणी थांबली आहे.

तिने ‘घाशीराम कोतवाल’ आठवावे. १९७२ साली पुण्यात आलेल्या तेंडुलकरांच्या या नाटकास कोणी अपूर्व म्हटले, कोणी नाना फडणवीसांची बदनामी. १९ प्रयोगांनंतर संस्थेनेच ते थांबविले. दिग्दर्शक जब्बार पटेल (आपल्या वाटेवरील दौंडचे डॉक्टर!) आणि सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी स्थापून ते पुन्हा उभे केले, १९८० मध्ये ते युरोपात गेले. आक्षेप मात्र मिटले नाहीत.

अनेकान्त प्रत्येक मताला त्याच्या अपेक्षेपुरते खरे मानतो. प्रत्येक मतानुसार संहिता बदला, असे सांगत नाही. रुष्ट आजोबांना नेमका कोणता संवाद खटकला, एवढे तिने विचारावे. यंदाचे नाटुकलेही तिनेच लिहावयाचे आहे.