भरण्याआधी निवडा

वितळलेल्या सिल्व्हर क्लोराइडमध्ये एकपदरी कार्बन नॅनोट्यूब ठेवल्या, की वातीत तेल चढावे तसा तो रस एक-दीड नॅनोमीटरच्या पोकळीत शिरतो. गोठलेला क्षार मग नळीच्या भिंतीतले इलेक्ट्रॉन ओढून घेतो आणि वीज वाहण्याची रीतच बदलते. शुद्ध चांदी भरली तर उलट, ती इलेक्ट्रॉन देते. कल्पना झकास! पण ‘आता सिलिकॉनची सुट्टी’ ही घाई झाली. तयार होतानाच साधारण एक तृतीयांश नळ्या धातूसारख्या निघतात, बाकीच्या सेमीकंडक्टर. सगळ्या एकत्र मिसळलेल्या. ट्रान्झिस्टरमध्ये धातूसारखी एक नळी आली तरी तो नीट बंद होत नाही. क्षार भरून ही भेसळ निघत नाही. पैसा आधी नळ्या निवडण्यावर लागावा. न निवडता भरलेल्या नळ्या फार तर वीजवाहक पातळ थरांत खपतील.