शुगरच्या आकड्याशेजारी लाईटची पाळी लिहा

आज पिकाचं नाही, शुगरचं लिहितोय. पण विषय बांधावरचाच आहे.

थोरला भाऊ कांजूरमार्गला असतो, वडील इथं गावी. वडिलांना इन्सुलिन चालू आहे. भावानं त्यांना ब्लूटूथवाला ग्लुकोमीटर दिलाय. बोट टोचलं की आकडा मोबाईलवरून भावाला आणि तिथल्या दवाखान्याला जातो. गेल्या रब्बीत दवाखान्यातून फोन आला, "बाबांची सकाळची शुगर एक आठवडा बरी असते, पुढच्या आठवड्यात ६०-६५ वर येते. रात्री जेवत नाहीत का?" वडील म्हणाले, "जेवतो की. रात्रपाळी असते." पलीकडच्या ताईंना वाटलं, या वयात कंपनीत जातात! थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, हे मुंबईत कुणाला माहीत असणार? रात्री दोनला उठून गव्हाला दारं धरायची, चिखलात तीन-चार तास. अंगमेहनतीनं शुगर उतरते आणि काम थांबल्यावरही काही तास उतरत राहते. डॉक्टरांनी मग रात्रीच्या पाळीच्या आठवड्याचा डोस वेगळा ठरवून दिला.

माझं म्हणणं एवढंच, की मशीन आकडा पाठवतं, काम पाठवत नाही. ते आपणच सांगायला पाहिजे.

काही जण म्हणतात, तीन महिन्यांनी एचबीए१सी केली की झालं. ती तपासणी हवीच, पण ती सरासरी आहे. तालुक्याची पावसाची सरासरी भरली म्हणून मधल्या खंडात जळालेलं सोयाबीन परत येतं का? तसंच हे. रात्रीची ६० आणि दुपारची २५० मिळून सरासरी चांगली दिसू शकते.

७० च्या खाली शुगर गेली की घाम, थरथर, डोकं न चालणं सुरू होतं. थंडीच्या रात्री पाण्यात एकटा उभा असलेला माणूस घामाला कष्टाचा घाम समजतो. शेजारी विहीर असते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असतील त्यांनी खिशात साखर ठेवाच. तीन चमचे खायची, पंधरा मिनिटांनी परत तपासायचं. डोस मात्र स्वतःच्या मनानं बदलायचा नाही.

महागडा सेन्सर लागतोच असं नाही. साधा मीटर आणि वही चालते. तारीख, वेळ, आकडा, आणि शेजारी त्या दिवशीचं काम : रात्री पाणी, ऊसतोड, फवारणी, उपास. उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी असतात, ते ई-संजीवनीवरून डॉक्टरांशी बोलणं करून देतात. जाताना वही न्या. २०२३ च्या आयसीएमआरच्या अभ्यासात देशात १० कोटींवर मधुमेही निघाले. त्यातले आपल्या शिवारातले किती, हे टोचून बघितल्याशिवाय कळायचं नाही.

कृषी सहायक आणि सल्लागार मंडळींनाही सांगणं आहे. पाण्याच्या पाळ्या लिहून देताना शेतकऱ्याला शुगर आहे का, एवढं विचारा. आणि दिवसा लाईटची मागणी करताना आपण बिबट्या आणि सापाचं कारण देतो, त्यात हेही घाला. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनीतून दिवसा वीज मिळणार म्हणतात. आमच्या फीडरला अजून रात्रीचीच पाळी आहे, सोमवारपासून परत सुरू.