पावती कोण देणार?

डिसेंबर २०१४. मुंबईत वरळीला ‘एआयबी’ या विनोदवीरांच्या गटाचा ‘एआयबी नॉकआउट’ हा कार्यक्रम झाला. करण जोहर सूत्रधार. रणवीर सिंग आणि अर्जुन कपूर यांची भर सभेत यथेच्छ टवाळी. निमित्त सत्कार्याचे. जानेवारीअखेर चित्रफीत यूट्यूबवर आली आणि शिव्यांवरून गदारोळ उठला. राज्य सरकारने चौकशी लावली, गुन्हे नोंदले गेले, चित्रफीत उतरवावी लागली. कोण काय बोलले याचा पुरेपूर कीस पाडून झाला.

एक साधा गुणाकार मात्र त्या गदारोळात राहूनच गेला. तेव्हा छापून आलेले आकडे असे: प्रेक्षक सुमारे ४,०००, तिकीट ४,००० रुपये, मदतीला ४० लाख. सगळ्यांनी तिकीट काढले असेल, तर गल्ला होतो १ कोटी ६० लाखांचा. मदतीला गेला त्यातला चौथा हिस्सा.

कोणी पैसे खाल्ले असे म्हणायचे नाही. बरेच जण पासावर आले असतील. सभागृहाचे भाडे, दिवे, ध्वनी, चित्रीकरण, बंदोबस्त यांना पैसे लागतातच. खर्च खराच असेल. पण आपल्या चार हजारांतले किती गरजूंपर्यंत जाणार, हे प्रेक्षकाला तिकीट घेतानाच कळायला नको?

पुण्याच्या बुधवार पेठेत गणपतीची वर्गणी मागायला आलेला कार्यकर्ता १०१ रुपयांचीही पावती फाडतो. तिच्यावर अनुक्रमांक असतो, मंडळाचे नाव असते, सही असते. नोंदणी नसलेल्या मंडळाला वर्गणीआधी धर्मादाय आयुक्तांची परवानगी घ्यावी लागते आणि उत्सवानंतर हिशेब द्यावा लागतो. मंडळाच्या अहवालात जमाखर्च छापून येतो. मांडवाला इतके आणि मिरवणुकीला तितके कसे लागले, हे अप्पा बळवंत चौकातला दुकानदार कार्यकर्त्याला तोंडावर विचारू शकतो. १०१ रुपये देणाऱ्याला हा हक्क आहे. ४,००० देणाऱ्याला तो असल्याची आठवणही होत नाही. समोर तारे असले की हिशेब विचारणे कोतेपणाचे वाटते.

तारे बाहेरही असतात. मे २०१५ मध्ये अमेरिकेतल्या ‘रेड नोज डे’ या मदतनिधीच्या उपक्रमासाठी कोल्डप्ले या बँडने ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या नटांना घेऊन त्याच मालिकेचे छोटेखानी संगीत विडंबन केले. हा उपक्रम मूळचा ब्रिटनच्या ‘कॉमिक रिलीफ’ या संस्थेचा. नाच, गाणी, टवाळी सगळे तिथे चालते. पण लोकांनी दिलेला पौंडन् पौंड मदतीलाच जाईल, संस्थेचा चालू खर्च त्यातून निघणार नाही, असे त्या संस्थेने सांगून ठेवलेले. २०१३ मध्ये बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ने या संस्थेचा काही पैसा तंबाखू आणि शस्त्रास्त्र कंपन्यांत गुंतल्याचे उघड केले, तेव्हा तिला गुंतवणुकीचे धोरण बदलावे लागले. शब्द दिलेला होता, म्हणून जाब विचारता आला. जिथे आकडाच सांगितलेला नाही, तिथे विचारणार काय?

कलावंत मानधन न घेता उभे राहत असतील, तर तो त्यांचा मोठेपणा. त्या मोठेपणाचा आडोसा आयोजकांनी घेऊ नये. मदतीच्या कार्यक्रमाला तिकिटावर एक ओळ पुरते: या रकमेतले इतके रुपये अमुक संस्थेला. कार्यक्रमानंतर महिन्याभरात जमाखर्च जाहीर. ही ओळ छापणे ज्याला जड जाते, त्याने करमणुकीचा धंदा खुशाल करावा आणि पैसेही मिळवावेत. फक्त जाहिरातीत सत्कार्याचे नाव घालू नये.